सहकुटुंब सहपरिवार संशोधन

विद्यापीठाच्या दप्तरी 'संशोधक विद्यार्थी' या नावाने ज्या प्राण्याची नोंद होते त्याला आईबाप असतात, कारण अर्जात त्यांच्या नावांचे रकाने आहेत. त्याला जन्मतारीख असते, कायमचा पत्ता असतो आणि पदव्युत्तर परीक्षेतील टक्केवारीही असते. परंतु त्याला मुले असू शकतात, ती रात्री रडतात, नवव्या महिन्यात त्यांना गोवर-रुबेलाची लस टोचून आणावी लागते, आणि संशोधन सल्लागार समितीची बैठक ज्या दिवशी मुक्रर होते नेमक्या त्याच दिवशी त्यांना ताप भरतो, याची वार्ता तो अर्ज सिद्ध करणाऱ्या विद्वानांच्या कानी गेली असावी असे त्या अर्जावरून तरी दिसत नाही. संशोधक हा ब्रह्मचारी, निरोगी, दीर्घायुषी आणि स्वयंपाकाच्या विवंचनेतून मुक्त असतो, हे सारे तेथे गृहीत धरलेले आहे. असा मनुष्य माझ्या पाहण्यात एकच आला, आणि त्याने संशोधन सोडून किराणा मालाचे दुकान काढले.

या प्राणिवर्गाचे निरीक्षण मी बरीच वर्षे करीत आलो आहे आणि त्यासाठी मला घराबाहेर जावे लागलेले नाही, कारण आमच्या दोन खोल्यांत या जातीचे दोन नमुने नांदत असत: एक मी, इतिहासाचा अध्यापक, आणि दुसरी माझी पत्नी, वनस्पतिशास्त्राची. या सहवासातून एक सिद्धान्त माझ्या हाती लागला असून तो कोणत्याही नियतकालिकाने अद्याप छापलेला नाही. प्रबंधाच्या विषयाची व्याप्ती ही संशोधकाच्या कुटुंबाच्या व्याप्तीशी व्यस्त प्रमाणात असते. अविवाहित संशोधकाचा विषय नेहमी शतकभर लांब आणि खंडभर रुंद असतो. पाळण्याची दोरी ज्याच्या हाती आली आहे त्याचा विषय एका तालुक्यात मावतो. आणि तीन अपत्यांच्या पित्याने 'भारतातील' या शब्दाने सुरू होणारे शीर्षक घेऊन मार्गदर्शकाकडे जावे, हे मी तरी अद्याप पाहिलेले नाही.

माझा मूळ विषय 'अठराव्या शतकातील मराठ्यांची महसूलव्यवस्था' असा होता. त्या काळी मी एका खोलीत राहून खानावळीत जेवत असे आणि अटकेपासून तंजावरापर्यंतचा मुलूख मला अपुरा वाटत असे. लग्न ठरले तेव्हा तंजावर सोडावे लागले. लग्न झाल्यावर माळवा आणि गुजरात गेले. कन्येचे बारसे झाले त्या महिन्यात मी प्रांत पुणे खाली करून एका परगण्यात येऊन राहिलो. आणि दुसऱ्या खेपेस जुळे झाले तेव्हा त्या परगण्यातलेही फक्त सवाई माधवरावांच्या कारकिर्दीचे, म्हणजे १७७४ ते १७९५ एवढ्याच मुदतीचे कागद माझ्या ताब्यात उरले. दुसऱ्या बाजीरावानेही इतक्या झपाट्याने मुलूख सोडला नसेल, आणि मी तर तो एकही लढाई न हरता सोडला. आमचे मार्गदर्शक मितभाषी आहेत. विषयबदलाचा तो शेवटचा अर्ज त्यांनी वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "आता थांबा. पुढच्या खेपेस विषय एका विहिरीवर येईल, आणि विहिरीवरचा प्रबंध मंजूर होत नाही."

सकृद्दर्शनी हा विद्येचा ऱ्हास वाटेल. परंतु माझे स्वतःचे मत निराळे आहे, आणि ते केवळ आत्मसमर्थनार्थ बनविलेले नाही. अटकेपासून तंजावरापर्यंतचा विषय माझ्याकडे होता तेव्हा गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात संपादून छापलेले पेशवे दप्तराचे पंचेचाळीस खंड मी ग्रंथालयाच्या कपाटात दुरून पाहत असे, आणि ते तेथे आहेत एवढ्यानेच सारे दप्तर आपल्या मुठीत असल्याचे समाधान मला लाभत असे. परगण्यावर आलो तेव्हा छापील खंडांत माझ्या पाटलांचा आणि कुळकर्ण्यांचा पत्ता लागेना. मग निरुपायाने मोडी शिकलो आणि प्रत्यक्ष दप्तरात जाऊन रुमाल मागविले. ज्यांनी ते पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो की पेशवाईचे कागद तेथे कापडी रुमालांत बांधलेले असतात, आणि दुपट्यात गुंडाळलेले मूल व रुमालात बांधलेले दप्तर यांच्यात एक साम्य आहे: दोन्ही सोडणे सोपे, परंतु एकदा सोडल्यावर पूर्वीसारखे बांधणे ज्याने बांधले त्यालाच जमते. शिपाई माझ्या बांधणीकडे पाहत असे आणि काही न बोलता रुमाल पुन्हा सोडून नव्याने बांधत असे. पाळणाघर दुपारी बंद होई. त्यामुळे ऐन कुळवार हिशेबाच्या मध्यावर मला उठावे लागे, आणि एका कुणब्याने बाकी भरली की नाही हे कळण्यासाठी दुसरा दिवस उजाडावा लागे. जपानचे हिरोशी फुकाझावा मराठी कागदपत्रांच्या आधारे दख्खनच्या गावगाड्यावर लिहून गेले, आणि दप्तरापासून तीन मैलांवर राहणारा मनुष्य मात्र चार वाजता लगबगीने बाहेर पडतो, याची तेथील कर्मचाऱ्यांना मौज वाटत असावी.

माझ्या पत्नीचा विषय शैवाक हा होता. शैवाक म्हणजे झाडांच्या खोडांवर आणि खडकांवर जे राखाडी-हिरवट पापुद्रे दिसतात ते. बुरशी आणि शैवाल यांनी मिळून मांडलेला हा संसार असून तो अत्यंत सावकाश चालतो. काही जाती वर्षाकाठी मिलिमीटरभरही वाढत नाहीत, त्यामुळे विषय पळून जाण्याची धास्ती नव्हती. तिची नोंदणी कोल्हापूरची आणि सासर पुण्याचे, तेव्हा पहिला पेच तेथेच उत्पन्न झाला. सुदैवाने विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या विनियमांत एक कलम असे होते की, विवाहामुळे वा अन्य कारणाने संशोधक स्त्रीला स्थलांतर करावे लागल्यास तिची संशोधनसामग्री ती जाईल त्या विद्यापीठात नेण्याची तिला मुभा असावी. मुलीबरोबर सासरी काय काय पाठवावे याचा आपल्या समाजाने शतकानुशतके कसून विचार केलेला आहे. परंतु त्या यादीत संशोधनसामग्रीचा अंतर्भाव सरकारी राजपत्राने केला तो प्रथमच. आमच्या लग्नात रुखवताच्या टेबलावर, साखरेच्या तुळशीवृंदावनाला लागून, घडीच्या कागदी पाकिटांचा एक खोका मांडलेला होता. प्रत्येक पाकिटावर स्थळ, समुद्रसपाटीपासूनची उंची, झाडाचे नाव आणि तारीख सुवाच्य अक्षरात लिहिलेली होती. माझ्या एका मावशीने एक पाकीट उघडून हुंगले आणि "हे गं काय?" म्हणून विचारले. नववधूने शास्त्रीय खुलासा आरंभिला, तो मावशींच्या चेहऱ्यापर्यंत पोचत नाही असे पाहून तिने तो आवरता घेतला आणि म्हणाली, "दगडफूल."

उत्तर खोटे नव्हते. मसाल्यातले दगडफूल हे शैवाकच. परंतु हा खुलासा माझ्या मातोश्रींनीही ऐकला होता, आणि त्यांची स्मरणशक्ती चांगली आहे.

आमच्या घरी गोडा मसाला चैत्रात होतो. त्या वर्षी धने, तीळ, खोबरे, तमालपत्र, नागकेशर हे सारे भाजून परातीत पसरले होते आणि दगडफूल मात्र चिमूटभरच निघाले. दुपारची वेळ, दुकाने मिटलेली, आणि गिरणीवाला चार वाजता कांडप बंद करणार. संध्याकाळी माझी पत्नी घरी परतली तेव्हा महाबळेश्वरच्या खोक्यातली काही पाकिटे रिकामी होती. आई प्रसन्न होत्या. "अगं, बाजारच्यापेक्षा कितीतरी वासाचं निघालं," त्या म्हणाल्या, "पाकिटावर महाबळेश्वर लिहिलंच होतंस, म्हटलं चांगलंच असणार." माझी पत्नी दोन मिनिटे परातीकडे पाहत राहिली, नंतर तिने नोंदवही उघडली आणि त्या त्या क्रमांकांपुढे 'नमुना अनुपलब्ध' असा शेरा मारला. ज्या आमटीतील एका घटकाचे स्थळ, उंची, यजमान वृक्ष आणि संकलनाची तारीख रीतसर नोंदलेली आहे अशी आमटी महाराष्ट्रात त्या वर्षी आमच्याच घरी झाली असेल. ती उत्तम होती हे मला, पक्षपाताचा आरोप पत्करूनही, सांगितले पाहिजे.

नमुने पुन्हा गोळा करण्यासाठी घाटमाथ्यावर चढावे लागले असते, आणि त्या सुमारास तिला पाचवा महिना होता. येथून तिच्या बेतांची जी उलथापालथ झाली ती मी जवळून पाहिली. प्रथम तिने एम.फिल. वर थांबावे असा एक मधला मार्ग घरातील वडीलधाऱ्यांनी सुचविला; तो विचाराधीन असतानाच २०२२ च्या विनियमांनी एम.फिल. ही पदवीच बंद केली, त्यामुळे तडजोडीला जागा उरली नाही. त्याच विनियमांनी स्त्री संशोधकांना प्रसूती व बालसंगोपनासाठी दोनशे चाळीस दिवसांपर्यंत रजेची सोय ठेवलेली आहे, आणि ती संपूर्ण मुदतीत मिळून आहे. कन्येने ती एकटीनेच संपविली. जुळी मुले आली ती रजेच्या हिशेबाबाहेर, आणि आयोगाच्या दृष्टीने पाहता अगदी बिनबोभाट. पुरुष संशोधकाला मूल झाल्यास त्याला काय होते याविषयी सदर विनियम मौन बाळगतात. मुदतीच्या कमाल मर्यादेत मात्र स्त्रीला दहा वर्षे आणि पुरुषाला आठ असा भेद त्यांनी केला आहे, तो न्याय्य आहे, आणि रात्री तीन वाजता कोण उठते याची ज्याला माहिती आहे तो त्याविरुद्ध तक्रार करणार नाही.

डोंगर गेला तेव्हा तिने रस्ता धरला. शैवाकांना गंधकाच्या धुराची हवा सोसत नाही. ज्या खोडावर ते असायला हवेत आणि नसतात, ते खोड त्या जागेच्या हवेबद्दल पुष्कळ काही सांगून जाते. तेव्हा सह्याद्रीच्या घाटमाथ्याऐवजी 'पुणे शहरातील रस्त्याकडेच्या वृक्षांवरील शैवाक' असा विषय मंजूर करून घेण्यात आला, आणि निरीक्षणाची ठिकाणे निवडताना ती आमच्या घरापासून बालवाडीपर्यंत, बालवाडीपासून मुलांच्या डॉक्टरांपर्यंत आणि तेथून भाजी मंडईमार्गे परत अशी एका ओळीत यावीत याची दक्षता घेण्यात आली. शास्त्रीय भाषेत अशा ओळीला भारदस्त नाव आहे. आमच्या घरी तिला 'शाळेची वाट' म्हणत. जुळी गाडीत, कन्या पायी, मोजणीची चौकट पिशवीत कोथिंबिरीखाली, अशा थाटात हे सर्वेक्षण दोन पावसाळे चालले. लोकांना झाडाला सूत गुंडाळणारी बाई ठाऊक असते. झाडाला भिंग लावणारी बाई पाहिली की ते थांबतात. बालवाडीच्या फाटकाशी एका जुन्या गुलमोहराच्या खोडावर कन्या भिंग लावून उभी असता तेथील पहारेकऱ्याने तिला प्रेमाने विचारले, "काय हरवलं, बाळ?" त्यावर चार वर्षांच्या त्या सहायक संशोधिकेने वर न पाहता उत्तर दिले, "हरवलं नाही, काका. इथं नाहीच आहे." प्रबंधाच्या पाचव्या प्रकरणाचा निष्कर्ष याहून निराळा नाही, फक्त त्याला सोळा पाने आणि कोष्टके लागली आहेत. तो प्रबंध गेल्या वर्षी सादर होऊन मौखिक परीक्षाही निर्वेध पार पडली.

ज्यांच्या बेतांत असे फेरफार होतात त्यांच्याकडे आप्तेष्ट थोर माणसांची उदाहरणे घेऊन येतात. मला नेहमी राजवाड्यांचे उदाहरण देण्यात येते: गावोगाव पायपीट करून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढले. ते खरेच, परंतु त्यांची पत्नी अकाली वारली आणि त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही, हेही तितकेच खरे आहे, आणि हे सांगितल्यावर माझ्याकडे पाहणाऱ्यांच्या नजरेत जो संशय उमटतो तो मला आवडत नाही. पत्नीला इरावतीबाई कर्व्यांचे उदाहरण देत. त्यावर तिचे उत्तर ठरलेले: इरावतीबाई बर्लिनला गेल्या १९२८ साली, आणि त्यांची मुले सारी त्यानंतरची. एकदाच एका सहकाऱ्याने डॉ. आंबेडकरांचे नाव घेतले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले, नोकरी करून पैसे साठवावे लागले, १९२० साली पुन्हा जावे लागले, आणि हे सारे होईतो मुंबईत रमाबाईंनी जे सोसले त्याचा रकाना कोणत्याही अर्जात नव्हता. त्या उदाहरणापुढे आम्ही दोघेही गप्प बसलो, आणि माझ्या तक्रारी मी दोन दिवस मागे घेतल्या.

बेत बदलण्यात संसारी माणसाची बरोबरी सरकारने करावी हे मात्र मला अपेक्षित नव्हते. २०१८ साली फर्मान निघाले की १ जुलै २०२१ पासून विद्यापीठांत सहायक प्राध्यापकाच्या थेट नेमणुकीस पीएच.डी. अनिवार्य होईल. हे वाचून ज्यांनी जागच्या जागी कंबर कसली त्यांत मी होतो; मुलांना आजोळी धाडून, रात्री जागून, चहाच्या आधाराने मी दोन प्रकरणे रेटली. पुढे ती तारीख २०२३ च्या जुलैपर्यंत तहकूब झाली. मीही प्रकरणे तहकूब केली. आणि २०२३ साली, ती तारीख अगदी उंबरठ्यावर आली असता, किमान अर्हतेला नेट वा सेट पुरे, पीएच.डी. ऐच्छिक, असा नवा हुकूम झाला. ही बातमी मी घरात वाचून दाखविली तेव्हा कोणीच काही बोलले नाही. आईंनी फक्त एवढे विचारले, "म्हणजे आता ते टेबल बाहेरच्या खोलीतून काढायचं का?"

टेबल निघाले नाही, कारण तोवर मला माझ्या परगण्याचा लळा लागला होता. विशेषतः तेथील कमावीसदारांच्या पत्रांचा. वर्षारंभी हुजुरातून अजमास येई, म्हणजे अमुक वसूल व्हावा असा अंदाज. कमावीसदार त्यापोटी रसद म्हणून काही रक्कम आगाऊ भरी. आणि वर्ष सरू लागले की त्याची पत्रे सुरू होत. पाऊस पडला नाही. पडला तो अवेळी पडला. गुरांना रोग आला. सरकारी फौज मुक्कामाला उतरल्याने उभ्या पिकाची पायमल्ली झाली. रयत परागंदा झाली, तिला कौल देऊन परत आणावे लागत आहे. सबब सूट मिळावी. सूट मिळणे नसेल तर निदान तहकुबी व्हावी. अशा कागदांचा ढीग वाचीत असता एका दुपारी माझ्या ध्यानात आले की मराठी गद्यात मुदतवाढीच्या अर्जाची एवढी परिपक्व परंपरा आपल्या दाराशी असताना विद्यापीठाकडे मी आजवर अत्यंत रुक्ष भाषेत लिहीत आलो आहे. शिवाय पेशव्यांच्या कारभारात एक शहाणपण होते. पडीत जमीन लागवडीस आणणाऱ्या कुळाला इस्ताव्याचा कौल मिळे: पहिल्या वर्षी नाममात्र सारा, दुसऱ्या वर्षी थोडा अधिक, असा दरसाल चढत काही वर्षांनी पूर्ण दर. विद्यापीठात पहिल्या सत्रापासून पूर्ण आकार, दर सत्रास सल्लागार समितीपुढे हजेरी आणि प्रगतीचा अहवाल. जमीन पडीत आहे की काळी कसदार, हे कोणी विचारीत नाही.

मुदतवाढीच्या छापील नमुन्यात 'विलंबाचे कारण (थोडक्यात)' असा एक रकाना असून त्यासाठी दोन बोटे जागा सोडलेली आहे. तेथे मी 'सोबतच्या पुरवणीप्रमाणे' एवढेच लिहिले आणि पुरवणी कमावीसदारी शिरस्त्याने रचली. प्रथम वर्षाचा अजमास नमूद केला. नंतर कैफियत मांडली: साल मजकुरी जुळ्यांस आलटून पालटून ताप, पाळणाघर गणपतीपासून दिवाळीपर्यंत या ना त्या निमित्ताने बंद, वैशाखमासी आप्तस्वकीयांची फौज बाहेरच्या खोलीत उतरल्याने टेबलावरील टिपणांची पायमल्ली, एक महत्त्वाचा ताळेबंद कनिष्ठ चिरंजीवाने खडूने दुरुस्त केला, तो पूर्ववत करणे चालू आहे, प्रकरणे दोन परागंदा होती, पैकी एकास कौल देऊन परत आणिले, दुसरे येण्याच्या बोलीत आहे. सबब एक वर्षाची तहकुबी मंजूर व्हावी. मार्गदर्शकांनी शिफारशीची सही केली तेव्हा त्यांचे ओठ किंचित हलले. ते हास्य होते की काय, हे निश्चित सांगण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही.

संशोधन विभागाच्या खिडकीमागील कारकुनाने अर्ज वाचावयास घेतला तेव्हा माझ्यामागे रांग होती. पावतीचा क्रमांक, शुल्काचे चलन, ना-हरकत प्रमाणपत्र हे सारे तपासून तो पुरवणीपर्यंत आला आणि तेथे थांबला. त्याने ती एकदा वाचली. मग पुन्हा वरून आरंभ केला. मागच्या गृहस्थांनी खोकून पाहिले, त्याचा उपयोग झाला नाही. आता बहुधा भाषेवरून हरकत निघणार, या तयारीने मी मोडीतील मूळ दाखले पिशवीतून काढू लागलो, तेवढ्यात त्याने शिक्का उमटविला, खिडकीतून थोडे पुढे वाकून आवाज खाली आणला आणि म्हणाला, "सर, या मसुद्याची एक प्रत मिळेल का? माझं पण रजिस्ट्रेशन आहे, मराठीत. मार्चअखेर मुदत संपतीये. बाकी सगळं असंच राहू देतो, फक्त जुळ्यांच्या जागी एक मुलगी आणि सासऱ्यांचे गुडघे घालतो."